जुन्या खणाची कुंडी, जस्ताचा टब आणि तळाची भोके : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात पाणी घालताना माझ्या सर्वांत आवडत्या कुंडीचा तळ एका बाजूने निसटला आणि सदाफुलीची सात रोपे मातीसकट खाली आली. ही कुंडी म्हणजे टाकून दिलेल्या टेबलाचा लाकडी खण. अकरा महिन्यांपूर्वी टाकाऊ वस्तूंमधून बाग सजवायला घेतली तेव्हा त्या खणासोबत जस्ताचा मुलामा दिलेला एक टब, घडीची लाकडी शिडी, खिडकीच्या दोन जुन्या चौकटी आणि मालवाहतुकीच्या पॅलेटच्या फळ्या एवढे साहित्य जमले होते. या वस्तूंनी ऊन, पाऊस आणि थंडी असे तिन्ही ऋतू उघड्यावर काढल्यामुळे आता त्यांच्याविषयी खात्रीने काही लिहिता येईल. अशा वस्तूत माती भरून रोप कसे लावायचे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. ती कुंडी किती टिकते आणि कुठून मोडते, एवढेच मला मांडायचे आहे.

खणाच्या चारही बाजू भक्कम असतात, कारण ओढताना आणि ढकलताना सगळा ताण त्यांच्यावर येतो. माझ्या खणाचे पुढचे डोव्हटेल सांधे, म्हणजे पाचरीसारखे दाते एकमेकांत अडकवून केलेले जोड, आजही केसभर हललेले नाहीत. तळ मात्र पातळ प्लायवुडचा किंवा हार्डबोर्डचा असतो आणि बहुधा तो चिकटवलेलाही नसतो. तीन बाजूंना कोरलेल्या खाचांत तो मागून सरकवतात आणि मागच्या कडेला दोन-चार बारीक खिळे मारून अडवतात. कागदपत्रांसाठी एवढी रचना पुरेशी आहे. माझा खण ६० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर खोल आहे. काठाखाली थोडी जागा सोडली तरी त्यात सुमारे २४ लिटर मिश्रण मावते आणि ते भिजल्यावर पंचवीस-तीस किलोंचे ओझे खाचेत अडकलेल्या त्या पातळ तळावर येते. हार्डबोर्ड हा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असल्यामुळे पाणी पिऊन फुगतो, मऊ पडतो, मधोमध त्याला झोळ येतो आणि शेवटी कड खाचेतून बाहेर ओढली जाते. मी आतून प्लास्टिकचा कागद अंथरला होता, आणि त्यानेच नुकसान वाढवले असे आता दिसते. भोकांपाशी कागद फाटून पाणी कागद आणि तळ यांच्यामध्ये शिरले आणि तिथून वाळून जायला त्याला वाटच उरली नाही.

सहाव्या महिन्यापर्यंत मी भेटेल त्याला हा खण आग्रहाने दाखवत होते. त्या वेळी रोपे तजेलदार होती, लाकडाचा रंग खुलला होता आणि दर्शनी बाजूची पितळी मूठ पानांमधून डोकावत होती. त्यानंतर खालची पाने पिवळी पडू लागली. मी पाणी कमी केले, तरी ती पिवळीच होत राहिली. एक रोप उपटून पाहिले तेव्हा मुळांची टोके तपकिरी आणि लिबलिबीत झालेली आढळली. वरची माती कोरडी, आणि बोटभर खाली चिखल.

चूक होती ती तळाशी घातलेल्या खडीची. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून भोकांवर दोन बोटे खडी पसरावी, हा सल्ला इतक्या वेळा कानावर येतो की मी तो तपासून पाहण्याचा विचारच केला नाही. प्रत्यक्षात बारीक कणांच्या मातीतून मोठ्या पोकळ्यांच्या खडीत पाणी सहजासहजी उतरत नाही. मातीतल्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात आणि मातीचा सर्वांत खालचा थर पूर्ण भिजेपर्यंत ते खाली सोडत नाहीत. त्यामुळे जो ओलाचिंब थर एरवी कुंडीच्या तळाशी राहिला असता, तो खडीमुळे दोन बोटे वर सरकतो आणि मुळांच्या वाट्याची जागा तेवढी कमी होते. हे घरच्या घरी पाहता येते. एक आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरावा आणि त्यातून ठिबकणे थांबेपर्यंत वाट पाहावी. मग तोच स्पंज उभा करावा, की पुन्हा पाणी गळू लागते. स्पंज तोच आणि पाणीही तेच, केवळ उंची वाढल्यामुळे निचरा वाढला.

या स्पंजाने मला खणाचा खरा दोष दाखवला. भिजलेल्या थराची जाडी मातीच्या मिश्रणावर अवलंबून असते, कुंडीच्या खोलीवर नव्हे. तो थर चार सेंटिमीटरांचा धरला, तर ३० सेंटिमीटर खोल भांड्यात मुळांना वर भरपूर मोकळी जागा उरते. दहा सेंटिमीटर माती असलेल्या खणात मात्र जवळजवळ निम्मी माती कायम चिंब राहते. खण, ट्रे, फळांच्या उथळ पेट्या, जुन्या सुटकेस अशा सगळ्या वस्तू दिसायला देखण्या असल्या तरी त्यांची उथळ खोली मुळांना जाचते. त्यामुळे उथळ भांड्यात खडी अजिबात नको, मिश्रण भरड हवे आणि भोके एकाच ठिकाणी न पाडता सर्वत्र विखुरलेली हवीत. मी कोकोपीट आणि गांडूळखतात एक तृतीयांश भरड परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) मिसळून उरलेली रोपे पुन्हा लावली. पाने पिवळी पडणे तीन आठवड्यांत थांबले, परंतु तोवर तळाने ओल धरली होती.

जस्ताच्या टबाला मी या लेखात पहिला क्रमांक देणार होते. तो खोल आहे, वजन पेलतो, आणि लोखंडावर जस्ताचा थर असल्यामुळे बारीक ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. इथवर लिहून झाल्यावर मी तो रिकामा करून उलटा केला, आणि माझे मत थोडे बदलावे लागले. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या टबाच्या तळाला भोकांभोवती तांबूस कडी उमटली होती आणि आतल्या बाजूने मातीच्या रेषेवर पांढरट भुकटी बसली होती. भोक पाडताना उघड्या पडलेल्या कडेला शेजारचे जस्त काही काळ वाचवते, पण सतत ओल आणि खतांचे क्षार लागत राहिले की तेही झिजते. आम्लधर्मी मातीत तर जस्त आणखी लवकर विरघळते. मी भोके पाडून कडा तशाच सोडल्या होत्या. कानशीने त्या घासून गंजरोधक रंगाचा एक हात द्यायला अर्धा तासही लागला नसता. भर उन्हात पत्रा तापून कडेची मुळे करपतात, हा दुसरा दोष मला उन्हाळ्यातच कळला होता. त्या वेळी दुपारी टबाच्या बाजूला हात टेकवत नसे. तरीही टब मला हवाच आहे. त्याचे काम तेवढे मी बदलले आहे.

हा बदल टबाच्या तापण्यामुळे नाइलाजाने केला होता, आणि अकरा महिन्यांतला सर्वांत मोठा आनंद त्यातूनच मिळाला. टबात थेट माती न भरता मी तळाशी दोन विटा ठेवल्या आणि त्यांवर रोपवाटिकेतून रोपांसोबत येणाऱ्या साध्या काळ्या प्लास्टिकच्या तीन कुंड्या बसवल्या. कुंड्या आणि पत्रा यांच्यामधली पोकळी वाळक्या पानांनी भरली, त्यामुळे उष्णता थेट मुळांपर्यंत पोहोचेनाशी झाली. पाण्याचा निचरा आतल्या कुंडीच्या भोकांतून होतो आणि जुन्या वस्तूला ओली माती लागतच नाही. आतली कुंडी उचलून दुसरी ठेवली की ऋतू बदलता येतो, हे तर मी योजलेलेच नव्हते. पूर्वी मोसम संपलेली रोपे उपटायची, माती उकरायची, नवी रोपे रुजेपर्यंत महिनाभर ओकेबोके भांडे पाहायचे, यात सजावटीचा निम्मा काळ निघून जाई. आता पुढच्या मोसमाची रोपे मागच्या बाजूला साध्या कुंड्यांत वाढत असतात आणि कळ्या धरल्या की दर्शनी टबात येतात. उन्हाळ्यात पोर्टुलाका, पावसाच्या महिन्यांत फर्न आणि कोलियस, थंडीत शेवंती आणि पेटुनिया, असा क्रम मी चालवला, आणि प्रत्येक बदलाला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागला नाही. मोसम ओसरलेले रोपही टाकावे लागत नाही. ते छाटून मागे विश्रांतीला जाते. नवी रोपे विकत घेण्याचे प्रमाण त्यामुळे स्पष्टपणे घटले, आणि माझ्यासारख्या हात राखून खर्च करणाऱ्या व्यक्तीला याचे समाधान फुलांइतकेच वाटते.

याच पद्धतीमुळे भोक पाडता न येणारी भांडीही वापरात आली. तडा गेलेली चिनीमातीची बरणी आणि टोपण हरवलेली इनॅमलची किटली मी केवळ बाहेरचे आवरण म्हणून वापरते. फक्त त्यांच्या तळाशी साचलेले पाणी आठवड्यातून एकदा न चुकता ओतून द्यावे लागते, कारण उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

मोसमी सजावटीचे उरलेले साहित्य बागेच्या छाटणीतूनच मिळते. वेलींच्या छाटलेल्या फांद्या हिरव्या असतानाच गोल वळवून बांधाव्या लागतात. वाळल्यावर त्या वाकत नाहीत, मोडतात. फुले वाळवताना लहान जुड्या करून अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे उलट्या टांगल्या तर देठ सरळ राहतात आणि उजेड न लागल्यामुळे रंगही बराच टिकतो. मी पहिल्या खेपेस खिडकीत टांगलेली शेवंती पार मातकट झाली. पाइनचे शंकू आणि कमळाची वाळलेली बोंडे टबातल्या कुंड्यांच्या कडेला रचली की प्लास्टिक झाकले जाते. शंकू ओल्या हवेत मिटतात आणि वाळल्यावर पुन्हा उलगडतात, त्यामुळे पाऊस पडून गेल्यावर सजावट बिघडली असे समजून ते काढून टाकू नयेत.

शिडीविषयी फारशी तक्रार नाही. तिचे पाय जमिनीवर थेट टेकले तर लाकडाच्या कापलेल्या टोकांतून ओल वर चढते, म्हणून चारही पायांखाली फरशीचे तुकडे ठेवले आहेत. काच फुटलेली चौकट भिंतीपासून चार बोटे पुढे बसवून तिच्यात तारा ताणल्या आणि वेल चढवला. मागे हवा खेळत असल्यामुळे बुरशी आली नाही. दुसऱ्या चौकटीची काच शाबूत होती, ती फळ्यांच्या चौकोनावर झाकणासारखी ठेवून थंडीत बियाणे रुजवले. ऊन वर आल्यावर ती उघडायला एकदा विसरले आणि कोवळी रोपे दुपारपर्यंत शिजल्यासारखी झाली.

पॅलेटच्या फळ्यांबाबत माझी फसवणूक झाली, असेच मी म्हणेन. मला त्या ‘ट्रीटमेंट केलेले लाकूड आहे, कुजणार नाही’ असे सांगून दिल्या गेल्या. पाच महिन्यांत खालची फळी काळी पडून भुगा होऊ लागली, तेव्हा देणाऱ्याने पाणी जास्त घातल्याचा ठपका माझ्यावरच ठेवला. त्या फळ्यांवर ‘एचटी’ असा शिक्का आहे, आणि त्याचा अर्थ मी आधीच समजून घ्यायला हवा होता. लाकडी वेष्टनांसाठीच्या, २००२ साली स्वीकारलेल्या ‘आयएसपीएम १५’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटे तापवले आहे. त्यामुळे आतली कीड मरते. पुढे ओल लागली तर कुजण्यापासून लाकडाचे रक्षण व्हावे, यासाठी ही प्रक्रिया नाहीच. ‘एमबी’ हा शिक्का मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिल्याचा असतो. तशी फळी बागेत आणू नये, खाण्याच्या भाज्यांसाठी तर मुळीच नाही. उरलेल्या फळ्यांना मी जवसाचे तेल दिले, आणि तेलाची चिंधी चुरगाळून न टाकता उघड्यावर पसरून वाळवली, कारण हे तेल वाळताना तापते आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते.

जुन्या रंगाचाही उल्लेख करायला हवा. खिडकीच्या चौकटीवर रंगाचे पोपडे होते आणि ते कोरडेच घासून काढण्याची मला घाई झाली होती. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते आणि घासताना उडणारी धूळ श्वासातून जाते, हे वेळीच लक्षात आले म्हणून हात थांबला. त्या चौकटीवर आता फक्त फुलांचा वेल आहे, भाजीचा नाही, आणि ती लहान मुलांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर लावली आहे.

खणाची दुरुस्ती काल पूर्ण झाली. फुगलेला हार्डबोर्ड काढून टाकला आणि त्याच्या जागी पॅलेटच्या चांगल्या उरलेल्या पाच पट्ट्या आडव्या ठोकल्या. त्या खाचेत न बसवता बाजूंच्या खालच्या कडेवर स्क्रूने आवळल्या आहेत, आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये पाच मिलिमीटरची फट ठेवली आहे, म्हणजे भिजून लाकूड फुगले तरी त्याला जागा मिळेल. खणाखाली चार ठोकळे आहेत, प्लास्टिकचा कागद काढून टाकला आहे, आणि आत माती नाही. १० सेंटिमीटर उंचीच्या आठ लहान कुंड्या दोन ओळींत बसल्या आहेत. त्या उथळ असल्यामुळे ओलीचा प्रश्न कुंडीत कायम आहे, म्हणून सदाफुलीऐवजी त्यांत भरड मिश्रणात सेडम, हे जाड रसाळ पानांचे रोप, लावले आहे. पडलेल्या सात रोपांपैकी पाच जगली असून ती टबाच्या मागे मोठ्या कुंडीत आहेत. टब मात्र अजून उलटाच आहे, कारण भोकांच्या कडांवर रंगाचा दुसरा हात द्यायचा बाकी आहे.