पसरणीचा उतार आणि १९८४ची बुलेट : डिस्क ब्रेक व नवे शॉकअप लावल्यानंतरचे दहा महिने

माझ्या वडिलांनी १९८४ साली नवी घेतलेली ३५० सीसीची बुलेट आजही आमच्या घरी रोजच्या वापरात आहे. बिडाच्या सिलिंडरचे जुने इंजिन, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला मागचा ब्रेक, अशी तिची मूळ घडण आहे आणि ती बदलण्याचा विचार मी कधी केला नाही. मात्र गेल्या नोव्हेंबरात तिच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवला, फोर्कचे, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या दोन पायांचे, काम नव्याने करून घेतले, हँडल ज्यावर फिरते त्या कोनसेटमधील सुट्या गोळ्यांच्या जागी टेपर बेअरिंग (निमुळत्या रोलरांचे) घातले आणि मागे गॅस भरलेले शॉकअप लावले. त्यानंतरच्या दहा महिन्यांत गाडी ७,४०० किलोमीटर चालली असून त्यात एक पूर्ण पावसाळा आला आहे. एवढ्या वापरानंतर मत मांडायला हरकत नसावी.

या कामाला कारण ठरला तो वाईजवळचा पसरणी घाट. पाचगणीहून वाईला उतरताना सुमारे १२ किलोमीटरचा रस्ता जवळजवळ सलग उताराचा आहे आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारी वळणावर अचानक थांबतात. माझ्या गाडीला पुढे सहा इंची ड्रम होता. त्यात लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे, फाकवणारा कॅम एकाच टोकाला असल्यामुळे दोनपैकी एकच लायनर चाकाच्या फिरण्याबरोबर आपोआप आत ओढला जाऊन घट्ट बसतो आणि दुसरा उलट ढकलला जात असल्याने निम्मेसुद्धा काम करत नाही. शिवाय उतारावर सतत ब्रेक दाबला की ड्रम तापून प्रसरण पावतो, म्हणजे लायनरपासून दूर सरकतो, आणि लायनरचा पृष्ठभागही गुळगुळीत होऊन घर्षण कमी होते. त्यामुळे घाटाच्या वरच्या टप्प्यात बऱ्यापैकी लागणारा ब्रेक खालच्या टप्प्यात लिव्हर हँडलला टेकेपर्यंत ओढावा लागत असे. दुसऱ्या गिअरमध्ये उतरण्याची सवय वडिलांनीच लावली होती आणि ती आजही मोडलेली नाही. पण समोरची मोटार थांबली तर केवळ गिअरवर विसंबून भागत नाही.

डिस्ककडे वळण्यापूर्वी नंतरच्या बुलेटवर येणारा सात इंची, दोन कॅमचा ड्रम बसवण्याचा पर्याय मी गांभीर्याने तपासला. त्यात दोन्ही लायनर चाकाबरोबर ओढले जातात, त्यामुळे पकड निश्चितच वाढते आणि गाडीचे जुने रूपही शाबूत राहते. ज्यांना गाडी मुख्यतः सपाटीवर चालवायची आहे, त्यांना मी आजही तोच ड्रम सुचवीन. माझ्या बाबतीत दोन गोष्टी आड आल्या. तापल्यावर ढिला पडण्याचा ड्रमचा स्वभाव त्यातही कायम राहतो. आणि चढावर थांबल्यानंतर गाडी मागे सरकू लागली, की तेच दोन्ही लायनर उलट दिशेने ढकलले जाऊन ब्रेक जेमतेम धरतो. पाचगणीच्या चढावर वाहनांच्या रांगेत अडकलेल्या माणसाला हा दोष पुस्तकी वाटत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी मिस्त्रींना एकच अट घातली होती : चासीला कुठेही वेल्डिंग करायचे नाही, कुठे कापायचे नाही आणि जे लावू ते दोन दिवसांत काढून मूळचे परत बसवता आले पाहिजे. या अटीमागे हौसेइतकाच कायद्याचाही विचार होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाच्या आधारे उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांविरुद्ध निकाल दिला आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीसाठी न्यावी लागते, तेव्हा हा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्यामुळे असे काम मनात असणाऱ्यांनी भाग विकत घेण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात विचारणा करावी, हे बरे. इंजिन, चासी आणि त्यांवरील क्रमांक यांना मी हात लावलेला नाही.

पुढच्या चाकाचे काम केवळ डिस्क अडकवण्याने होत नाही. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने दाबणारा भाग, धरण्यासाठी फोर्कच्या खालच्या पायावर कान असावा लागतो आणि जुन्या पायांवर तो नसतो. म्हणून नंतरच्या काळातील डिस्कवाल्या बुलेटचे खालचे पाय, हब, एक्सल, २८० मिलिमीटरची डिस्क आणि दोन पिस्टनचा कॅलिपर असा वापरलेला संच मिळवला. त्या हबवर माझाच १९ इंची जुना रिम नव्या आऱ्यांनी बांधून घेतला आणि चाक आउट मारणार नाही, म्हणजे वाकडे फिरणार नाही, याची खात्री होईपर्यंत आरे पुन:पुन्हा कसून घेतले. येथे घाई करू नये. ड्रममध्ये थोडेसे वाकडे चालणारे चाक खपून जाते, पण डिस्कच्या गाडीत तेच चाक ब्रेक दाबताच हँडल थरथरवते.

पहिली चूक मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ब्रेक ऑइल कॅलिपरकडे ढकलणाऱ्या भागाच्या, बाबतीत झाली. एका दुकानातून मिळालेला स्वस्त मास्टर सिलिंडर हँडलच्या पाइपवर बरोबर बसला, म्हणून आम्ही तो लावला. परंतु ब्रेक लाकडासारखा कडक लागे आणि पूर्ण जोर लावल्याशिवाय गाडी थांबत नसे. हवा राहिली असेल, या समजुतीने तीन वेळा ऑइल बदलले. वास्तविक हवा राहिली असती, तर लिव्हर मऊ लागला असता, हे ध्यानात यायला आठवडा गेला. मास्टर सिलिंडरचा पिस्टन कॅलिपरच्या पिस्टनच्या मानाने मोठा असेल, तर लिव्हर थोडाच हलतो, पण बोटांचा जोर चाकापर्यंत कमी वाढून पोहोचतो. तो फार लहान असेल, तर जोर भरपूर मिळतो, मात्र लिव्हर हँडलपर्यंत येतो. ज्या गाडीचा कॅलिपर, त्याच गाडीचा मास्टर सिलिंडर घेतल्याबरोबर दोन बोटांत काम होऊ लागले. आधीचे सातशे रुपये अर्थातच वाया गेले.

ब्रेक सुधारल्यानंतर पहिल्याच आठवड्यात फोर्कचे खरे रूप समोर आले. जुना ड्रम इतका मवाळ होता, की फोर्कची परीक्षा कधी झालीच नव्हती. आता जोरात ब्रेक दाबला, की गाडीचे नाक एकदम खाली जाई, फोर्क तळाला टेके आणि नेमक्या त्या क्षणी खड्डा आला, तर तो शोषायला स्प्रिंगमध्ये जागाच उरत नसे. म्हणजे ब्रेक आधुनिक आणि फोर्क चाळीस वर्षांपूर्वीचा, ही जोडी जुन्या ढिल्या ब्रेकपेक्षा काही प्रसंगी अधिक अवघड ठरते. मिस्त्रींनी स्प्रिंगवर १५ मिलिमीटरचे तुकडे घालून त्यांना थोडा आगाऊ ताण दिला आणि आधीपेक्षा एक दर्जा जाड फोर्क ऑइल मोजून भरले. ऑइल फारच जाड घेतले असते, तर लहान धक्के थेट मनगटात आले असते. ती मर्यादा सांभाळली गेली, याचे श्रेय त्यांच्या अनुभवाला आहे.

संपूर्ण कामात सर्वांत स्वस्त आणि मला सर्वांत पटलेला बदल कोनसेटचा आहे. जुन्या पद्धतीत वर-खाली कपांमध्ये सुट्या पोलादी गोळ्या असतात. त्या वर्षानुवर्षे त्याच त्या जागी दाबल्या जाऊन कपांत बारीक खळगे पाडतात आणि मग हँडल सरळ रेषेत अडखळल्यासारखे होते. ते इतके हळूहळू होते, की चालवणाऱ्याला त्याची सवय होऊन जाते. अवघ्या ९०० रुपयांच्या टेपर बेअरिंगने गाडी वळणात जेथे बघावे तेथे जाऊ लागली. डिस्कला पैसे नसतील, त्यांनी निदान एवढे तरी करून घ्यावे.

मागच्या शॉकअपबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण लोक बहुधा त्यांचा विचार केवळ कमरेच्या सुखासाठी करतात. जुन्या शॉकअपमध्ये तेल आणि हवा एकत्र असतात. खराब रस्त्यावर पिस्टन भराभर वर-खाली झाला, की त्यांचा फेस होतो आणि फेसाला विरोध करण्याची ताकद नसल्यामुळे नुसती स्प्रिंग उड्या मारत राहते. गॅस भरलेल्या शॉकअपमध्ये दाबाखालील नायट्रोजन तेलाचा फेस होऊ देत नाही, म्हणून वाई-सातारा रस्त्यावरील खडबडीत पट्टा संपेपर्यंत त्यांचे काम सारखेच राहते. परिणाम असा, की मागचे चाक रस्ता सोडत नाही आणि जे चाक रस्त्याला टेकलेले असते, त्याच चाकाचा ब्रेक लागतो. घेताना दोन्ही डोळ्यांमधील, म्हणजे शॉकअपच्या दोन टोकांच्या बोल्टच्या भोकांमधील, अंतर जुन्या जोडीइतकेच असल्याची खात्री करावी. उंच शॉकअप लावल्याने गाडी रुबाबदार दिसते खरी, परंतु मागचा भाग उचलला गेल्यामुळे पुढच्या फोर्कचा कल बदलतो आणि हँडल चंचल होते. मी एकटा असताना शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण दुसऱ्या खाचेवर ठेवतो, सौभाग्यवती मागे असताना चौथ्या. एक गोष्ट मात्र जुन्या गाडीच्या बाजूने सांगायला हवी. बुलेटला १९४९ मध्येच मागे स्विंग आर्म, म्हणजे आपल्याकडचा चिमटा, मिळाला होता आणि त्या काळी अनेक गाड्यांचे मागचे चाक चासीला ताठ बांधलेले असे. त्यामुळे चासी न बदलता केवळ शॉकअप बदलून एवढा फरक पडतो, हे त्या जुन्या आराखड्याचेच देणे आहे. चिमट्याचे बुश मात्र आधी तपासावेत. माझे झिजलेले निघाले आणि तसेच ठेवले असते, तर नव्या शॉकअपचा निम्मा उपयोगही झाला नसता.

मागचा ब्रेक मी ड्रमच ठेवला. या गाडीत मागचा ड्रम आणि चेनचे दाते एकाच ओतकामात आहेत आणि डिस्कसाठी ती सगळी रचना बदलावी लागली असती, जे माझ्या अटीत बसत नव्हते. जोरात थांबताना वजन पुढे सरकते आणि मागच्या चाकावर फार थोडे उरते, हे लक्षात घेता नवे लायनर व नीट जुळवलेला रॉड एवढे पुरेसे आहे.

फरक केवळ मनाचा नसावा, म्हणून काम करण्यापूर्वी आणि नंतर एका रविवारी सकाळी औद्योगिक वसाहतीच्या रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर चुन्याची रेघ मारून टेपने मोजले. मीटरवरील ५० किलोमीटर वेगाला दोन्ही ब्रेक लावून आधी सरासरी २३ मीटर लागत होते. आता साडेपंधरा लागतात. मीटर जुना आहे, त्यामुळे प्रत्यक्ष वेग थोडा वेगळा असेल, पण दोन्ही वेळी तोच मीटर आणि तोच चालवणारा होता. घाटातील अनुभव आकड्यात मांडता येणार नाही, एवढेच सांगतो की पाचगणीच्या नाक्यापासून वाईपर्यंत लिव्हरची जागा बदलत नाही.

पावसाळ्याने या कौतुकाला मर्यादा घातली. ३.२५ इंची अरुंद टायरवर एवढा ब्रेक ओल्या रस्त्यात सहज जास्त होतो. जुलैत महाबळेश्वरच्या धुक्यात शेवाळलेल्या वळणावर पुढचे चाक क्षणभर अडकून सरकले. वेग नाममात्र होता म्हणून पडलो नाही. या गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, नाही आणि जुना ड्रम चाक अडकवण्याइतका समर्थच नव्हता, या दोन्ही गोष्टींची आठवण तेव्हा एकदमच झाली. आता पुढे चांगल्या पकडीचा नवा टायर आहे आणि पावसात मी लिव्हर दोन टप्प्यांत दाबतो. याउलट ओढ्यातून गाडी नेल्यावर ड्रम कोरडा होईपर्यंत ब्रेकच नसे, तो त्रास पूर्ण थांबला आहे. चिखलामुळे डिस्क कधीकधी किंचाळते, पाणी मारले की शांत होते.

मुलाच्या दृष्टीने झालेला लाभ मला अपेक्षित नव्हता. तो नव्या गाड्यांवर शिकला आहे आणि घाबरला की त्याचा उजवा पाय ब्रेकसाठी खाली जातो. या गाडीत पहिला गिअर वर आणि पुढचे तीन खाली असल्यामुळे तो दाब म्हणजे ब्रेक तर नाहीच, उलट वरचा गिअर पडून इंजिनचा रोधही कमी होतो. पुढच्या ब्रेकवर भरवसा आल्यापासून तो हात आधी वापरतो. तरीही त्याला घाटात मी गाडी देत नाही.

सहाव्या महिन्यात घडलेली गोष्ट ही सर्वस्वी माझ्या काटकसरीची आहे. खालचे पाय बदलले, पण फोर्कच्या नळ्या जुन्याच ठेवल्या होत्या. त्यांवरील क्रोमला बारीक खड्डे पडलेले मिस्त्रींनी दाखवले होते आणि मी ‘पुढे बघू’ म्हटले होते. त्या खड्ड्यांनी नवे ऑइल सील कातरले आणि एके सकाळी कॅलिपरच्या बाजूच्या पायावरून तेलाचा ओघळ डिस्कपर्यंत आलेला दिसला. ड्रमच्या काळात गळका फोर्क म्हणजे केवळ अंगणातला डाग होता. डिस्कच्या गाडीत तेच तेल पॅडवर पोहोचले, तर ब्रेक राहतच नाही. पॅड टाकून दिले, डिस्क धुऊन घेतली आणि ३,६०० रुपयांच्या नव्या नळ्या घातल्या. हा खर्च धरून सगळे मिळून ३०,४०० रुपये झाले. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलण्याची तारीख मी टाकीखालच्या पट्टीवर लिहून ठेवली आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या तरतुदीनुसार विंटेज म्हणून नोंदणी हवी असेल, तर गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली असावी लागते. आमची गाडी त्या वयाला २०३४ मध्ये पोहोचेल. जुना ड्रम, फोर्कचे पाय, कप, गोळ्यांची डबी आणि मागचे शॉकअप ग्रीस लावून, चिठ्ठ्या बांधून वडिलांच्या लोखंडी ट्रंकेत ठेवले आहेत. परवा ट्रंक उघडली, तेव्हा ड्रमच्या आत बारीक गंज धरू लागलेला दिसला. दिवाळीपूर्वी तो पुसून पुन्हा ग्रीस लावायचे आहे.