जाहिरातीचे पैसे की मंडळाची ऑर्डर?

गाणं एकदा बाहेर पडलं की ते फुकटच फिरणार, हे धरूनच चालू. पूर्वी मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं, आता व्हॉट्सॲपवर येतं. म्हणजे दुकानदाराचीही कमाई गेली. सोलापुरात राहून अभंग, भक्तिगीतं करणाऱ्यानं घर कशावर चालवायचं? यूट्यूबच्या जाहिरातींवर, की भजनी मंडळांकडून ओळखीतून येणाऱ्या ऑर्डरींवर? मी दोन्ही केलंय.

जाहिरातींची बाजू हलकी नाही. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा चॅनेलवाल्याला मिळतो आणि गाणं चाललं तर तुम्ही झोपलेले असतानाही पैसे जमत राहतात. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास बघितलं जाणं लागतं, हा उंबरठा चिकाटीनं ओलांडता येतो. स्पॉटिफायवर मात्र २०२४ पासून बारा महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच नाही. नवख्यानं तिथं आशा बेताचीच ठेवावी.

माझं मन उडालं ते क्लेममुळे, म्हणजे यूट्यूबवर लागणाऱ्या कॉपीराइटच्या दाव्यामुळे. तुकोबांचे शब्द, परंपरेची चाल, टाळ-पखवाज आमचेच. तरी कुठल्याशा कंपनीकडं त्याच चालीचं रेकॉर्डिंग होतं, म्हणून आमच्या गाण्यावर तिचा हक्क लागला. हरकत घेता येते, घेतलीही. पण दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि तोवर उत्पन्न अडकून पडतं. अभंगाची खरी चलती पालखी निघाल्यापासून आषाढीपर्यंत. निकाल लागेस्तोवर वारकरी पंढरपुराहून घरी पोचून पेरणीच्या मागं लागलेले! पैसे मिळाले, नाही असं नाही. पण पखवाजवाल्याला ‘क्लेम सुटला की देतो’ असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

ऑर्डरीचं गणित वेगळं. मोहोळ, बार्शी, मंगळवेढ्याकडची भजनी मंडळं हरिपाठाचे, गौळणींचे ट्रॅक, म्हणजे बुवांनी गायचं त्यामागचं नुसतं वाद्यांचं रेकॉर्डिंग, मागतात. एका बुवांना पट्टी (पेटीवरचा गाण्याचा मूळ सूर) काळी दोन लागते, दुसऱ्यांना पांढरी पाच. कुणाला लय जरा धिमी हवी. असा ट्रॅक दुसऱ्या मंडळानं ढापला तरी त्यांच्या बुवांच्या गळ्याला तो बसत नाही. मग त्यांचाच फोन येतो. ॲपवर पट्टी बदलता येते, मान्य. पण तसा खाली ओढलेला टाळ एकदा ऐकून बघा. पैसे यूपीआयनं, काही न कापता, हातोहात.

कटकट इथंही आहे. ‘देवाचं काम आहे महाराज, एवढे कशाला?’ हे प्रत्येक ऑर्डरीला ऐकावं लागतं. घासाघीस ज्याला जमत नाही, त्यानं घरातलं कुणीतरी मध्ये घालावं. शिवाय जेवढे तास बसाल तेवढीच कमाई, आणि मधले काही महिने कोरडे जातात. जाहिरातीत निदान तासांचा हिशेब नसतो.

शब्द आणि चाल दोन्ही तुमचं असेल तर यूट्यूब सोडू नका. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्वही घ्या. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला करारातसुद्धा लिहून घेता येत नाही. पण पारंपरिक चालींवरच पोट असेल तर, मला तरी वाटतं, मंडळंच धरावीत. निम्मे पैसे आधी घ्या. आणि पट्टी फोनवर तोंडी विचारू नका. बुवांना पेटीवर दोन ओळी गाऊन पाठवायला सांगा.