खचलेलं काँक्रीट फोम घालून उचललं: मिनेसोटाच्या एका हिवाळ्यानंतर

गेल्या सप्टेंबरात आम्ही गॅरेजसमोरचा काँक्रीटचा पट्टा आणि बाजूच्या दाराकडे जाणारी पायवाट फोम घालून उचलून घेतली. घर मिनियापोलिसच्या पश्चिमेला, प्लायमथमध्ये, नव्वदच्या दशकात बांधलेलं. आता जून उजाडलाय. एक अख्खा हिवाळा आणि त्यामागून बर्फ वितळण्याचे चिखलाचे दिवस त्यावरून गेलेत, तेव्हा लिहायला हरकत नाही. काम झाल्या झाल्या टाकलेल्या पाच ताऱ्यांना इथल्या हवेत फार अर्थ नसतो. सप्टेंबरात सगळंच काँक्रीट शहाण्यासारखं वागतं.

दुखणं असं होतं. गॅरेजच्या फरशीपेक्षा समोरचा पट्टा जवळजवळ दीड इंच खाली गेला होता. गाडी आत घेताना दणका बसायचा आणि बर्फ उडवायचं यंत्र नेमकं त्या कडेला अडायचं. पायवाटेच्या लाद्या तर घराच्या बाजूला कलल्या होत्या, आणि काळजी होती ती त्यांची. ढाळ घराकडे झाला की पावसाचं पाणी भिंतीला टेकतं आणि मुरत मुरत तळघराची वाट धरतं.

इकडे हे घरोघरी दिसतं. तळघरासाठी खणलेला खड्डा भिंती उभ्या राहिल्यावर भरतात. हा भराव थराथराने नीट दाबला नसेल तर वर्षानुवर्षं बसत राहतो आणि त्यावर ओतलेली लादीही त्याच्याबरोबर खाली जाते. वर पन्हळीचं पाणी कोपऱ्यात पडत असेल तर बारीक माती वाहून जाऊन खाली पोकळी होते. शिवाय चिपमंक, म्हणजे खारीसारखे पट्टेवाले छोटे प्राणी, आहेतच. दिसायला गोड, पण पायऱ्यांखाली बिळं करण्यात यांचा हात धरणारा कोणी नाही.

दर काढले ते तीन तऱ्हेचे. जुनं फोडून नवीन ओतायचे साधारण ५,८०० डॉलर. मडजॅकिंगचे १,१५०. फोमचे २,०५०. नवीन ओतणाऱ्याला विचारलं, खालचा भराव काढून पुन्हा दाबून देणार का, तर त्याचं उत्तर गुळमुळीत होतं. तसं असेल तर नवी लादीही त्याच वाटेने जाणार. म्हणून तो पर्याय तिथेच बाद.

मडजॅकिंगमध्ये वाळू, सिमेंट, माती आणि पाणी यांचा राडा दीड-दोन इंच रुंदीच्या भोकांतून लादीखाली दाबून भरतात. तो जड असतो, एका घनफुटाला शंभर पौंडांच्या वर. आधीच खचणाऱ्या भरावावर आणखी वजन. फोमला भोक पाऊण इंचाहूनही लहान लागतं. दोन द्रव बंदुकीच्या तोंडाशी मिसळतात, लादीखाली जाऊन फुगतात आणि काही मिनिटांत घट्ट होतात. वजन घनफुटाला दोन ते चार पौंड, आणि वाहत्या पाण्याने राडा झिजतो तसा हा झिजत नाही. भिंतीलगतच्या पायवाटेसाठी मला हेच पटलं. जिथे पाण्याचा प्रश्न नाही आणि नुसती कड वर आणायची आहे, तिथे जवळजवळ दुप्पट पैसे कशाला द्यायचे हे मला अजूनही कळत नाही.

दर द्यायला आलेला विक्रेता मात्र एक वाक्य बोलून गेला: "एकदा फोम घातला की फ्रॉस्टचं नाव विसरा." फ्रॉस्ट म्हणजे जमीन गोठून फुगणं, आणि हे वाक्य साफ खोटं आहे. दक्षिण मिनेसोटात बांधकामाच्या नियमाप्रमाणे पाया निदान ४२ इंच खोल न्यावा लागतो, उत्तरेकडे ६० इंच, कारण जमीन तिथवर गोठू शकते असं धरतात. आपला फोम लादीच्या पोटाखाली काही इंच. त्याच्याखाली सगळी गोठणारी माती तशीच. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं हे आपण शाळेत शिकलोय, पण जमीन वर उचलली जाते ती मुख्यतः त्याने नाही. गोठलेल्या थराकडे खालचं पाणी ओढलं जातं आणि तिथे बर्फाचे पापुद्रे चढत राहतात. बारीक गाळाच्या आणि चिकण मातीत हे जास्त होतं, आणि आमच्याकडे चिकण मातीच आहे. तेव्हा लादी फोमवर बसलेली असो नाहीतर राड्यावर, जानेवारीत ती थोडी वर येणार आणि मे महिन्यात खाली बसणार. खचणं म्हणजे खाली गेलेली लादी उन्हाळ्यातही वर न येणं. म्हणून मोजमाप उन्हाळ्याच्या शेवटी घ्यावं. मार्चमध्ये लेव्हल लावून दर देणारा माणूस बर्फाने उचललेली लादी मोजत असतो.

सही करण्याआधी विम्याचं प्रमाणपत्र थेट विमा कंपनीकडून मागवलं. फक्त काँक्रीटचं काम करणाऱ्याला मिनेसोटात निवासी बांधकामाचा परवाना लागतोच असं नाही, त्यामुळे "परवाना आहे का" एवढ्यावर भागत नाही. भोकं पाडण्याआधी ८११ या फोन नंबरवर कळवून जमिनीखालच्या गॅस, वीज, केबल यांच्या खुणा करून घेणं कंत्राटदाराच्या अंगावर होतं, तेही लिहून घेतलं. पण खुणा करायला येणारी माणसं तुमच्या खासगी नळ्यांच्या खुणा करत नाहीत. लॉनला पाणी देणारी नळी आणि पन्हळीचं पाणी जमिनीखालून लांब नेणारा पाइप कुठून जातो हे आपणच दाखवायचं. फोम पाइपात शिरला तर तो बाहेर काढण्याची सोय नाही.

कामाला दोघं आले. खिडक्या बंद ठेवा आणि मुलांना आत ठेवा, एवढं सांगून लागले कामाला. म्होरक्या साठीच्या पुढचा, अगदी कमी बोलणारा. त्याने थोडा थोडा फोम सोडायचा, थांबायचं, लादीवर लेव्हल ठेवायची, पुढच्या भोकाकडे जायचं. लादी वर येताना डोळ्यांना काही दिसत नाही. आधी सांध्यातली वाळू हलते, मग कुठेतरी कट्ट असा आवाज होतो आणि भिंतीवरची जुनी चिखलाची रेघ लादीच्या वर होती ती खाली गेलेली दिसते. मग मात्र त्याचा हात लगेच ट्रिगरवरून निघायचा, कारण जास्त उचललेली लादी परत खाली नेता येत नाही.

बाजूचं दार बाहेर उघडतं. तिथली लादी तो पूर्ण वर आणेना. उंबऱ्याखाली पाऊण इंच ठेवून थांबला. मला वाटलं काम अर्धवट राहिलं, म्हणून विचारलं. "हिवाळ्याला जागा नको का?" एवढंच म्हणाला. विक्रेत्याने फ्रॉस्ट विसरायला सांगितलं होतं आणि हा फ्रॉस्टसाठी जागा सोडत होता. फेब्रुवारीत, पारा उणे २५ सेल्सिअसच्या आसपास असताना, दाराखाली जेमतेम बँकेचं कार्ड सरकेल एवढी फट उरली होती. दार मात्र एकदाही अडलं नाही. पलीकडच्या घरातल्यांनी तेव्हा दाराची खालची कड तासून घेतली.

आता तक्रारी. गॅरेज आणि पट्टा यांच्यामधला सांधा भरणं दरात नव्हतं, आणि हे कळलं बिल हातात आल्यावर. तो उघडा ठेवला तर वितळलेलं पाणी थेट खाली जातं, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. सांध्यात फोमची दोरी दाबून वर सिलिकॉन भरायचं, हे वेगळे पैसे देऊन करून घ्यावं लागलं, आणि तेही जानेवारीत एका बाजूने सुटलं. भोकं बुजवलेला मसाला काही ठिकाणी निखळला. त्याचा रंगही जुन्या काँक्रीटशी जुळत नाही, पायवाटेवर गोल ठिपके अजून उठून दिसतात. ऑफिसात फोन केला की "मे संपू दे" हेच उत्तर. राग यायचा, पण तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं. मे संपल्यावर येऊन त्यांनी ठिपके आणि सिलिकॉन दोन्ही नीट केलं, पैसे न घेता.

हमीपत्राची मात्र गोष्ट निराळी. "आयुष्यभराची हमी" मोठ्या अक्षरांत. बारीक अक्षरांत पाव इंचापर्यंतची हालचाल, फ्रॉस्ट आणि पन्हळीच्या पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं. थंड प्रदेशात लादी हलण्याची बहुतेक कारणं यातच संपतात. आमच्या पट्ट्याचा एक कोपरा मे अखेरीस पाव इंच खाली राहिला. छपरावरून घसरलेल्या बर्फाने पन्हळीच्या टोकाची नळी तोडली होती आणि पाणी तिथेच पडत होतं. कंपनीने कागदावर बोट ठेवून हात वर केले. मी नवी नळी लावून पाणी बऱ्यापैकी लांब नेलंय. कोपरा आहे तिथेच आहे.

बाकी लाद्या जिथे ठेवल्या होत्या तिथे परत आल्या. एप्रिलच्या पावसात पाणी पायवाटेवरून लॉनकडे गेलं आणि तळघराचा कोपरा कोरडा राहिला. पैसे ज्यासाठी दिले ते एवढंच होतं, आणि ते झालं.

नाशिकहून आलेल्या आईला बिलाचा आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "अरे, एवढ्यात आपल्याकडे अख्ख्या अंगणाला कोबा झाला असता." झाला असता, आई. पण तो कोबा कधी गोठला नसता.

म्होरक्यासाठी पाच तारे, विक्रेत्यासाठी दोन, हमीपत्रासाठी एक. ड्राइव्हवेचं रस्त्याकडचं टोकही खचलंय. तिथे घराची भिंत नाही, ढाळ रस्त्याकडेच आहे, नुसती कड वर यायला हवी. ते काम मडजॅकिंगवाल्याला देणार आहे, ऑगस्टअखेरची तारीख मागितलीय. पुढच्या दारासमोरच्या पायऱ्या मात्र तूर्त कोणालाच दाखवणार नाही. त्यांच्याखाली चिपमंकचं बीळ आहे, आणि आधी ते कुठवर गेलंय हे बघायला हवं.