बाबांची लेन्स ‘सडली’ म्हणून 700 रुपयांत गेली

बाबा जाऊन वर्ष झालं. बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी कपाट आवरताना आईने त्यांच्या दोन लेन्स माझ्या हातात ठेवल्या. एक 135 एमएमची, दुसरी 50 एमएम एफ 1.4 सुपर टाकुमार, जुन्या पेंटॅक्स फिल्म कॅमेऱ्यांची. लग्नाच्या सगळ्या ऑर्डरी बाबांनी या 50वरच केल्या. हिच्या ॲपर्चरच्या, म्हणजे आत येणारा उजेड कमी-जास्त करणाऱ्या, रिंगवर 8च्या आकड्याशी आईच्या लाल नेलपेंटचा ठिपका होता. फ्लॅशला 8 लागायचा, तो मांडवातल्या अंधारात चटकन सापडावा म्हणून.

माझा कॅमेरा सोनीचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला डिजिटल. शहरातल्या एका दुकानदाराने जुनी लेन्स त्यावर बसवायला 3,800 रुपयांना ॲडॅप्टर दिला, वर ‘ऑटोफोकसपण चालेल’ म्हणाला. बिल दिलं नाही. घरी लेन्स लावली तर स्क्रीनवर चित्र दिसत होतं, पण शटर पडेना. पांढऱ्या कागदावर लेन्स धरली, तर कागद फिक्या चहासारखा पिवळट दिसला.

परत दुकानात गेले. त्याने मोबाइलचा टॉर्च मारला आणि मान हलवली. “बेन, आ तो अंदरथी सडी गयो छे.” आत फंगस म्हणजे बुरशी आहे, म्हणूनच कॅमेरा ती घेत नाही, आणखी लावाल तर सेन्सरलाही लागेल, असं सगळं सांगितलं. सेन्सरचं ऐकून मी घाबरले. त्याने 700 रुपये पुढे केले आणि मी बाबांची लेन्स देऊन आले.

पंधरा दिवसांनी जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत तीच लेन्स दिसली. किंमत 8,500. ‘काच स्वच्छ, फंगस नाही.’ फोटोत 8च्या शेजारी लाल ठिपका. धावत दुकानात गेले, तर म्हणतो, अशा शंभर येतात. माझ्याकडे बिल नाही, लेन्सच्या पुढच्या रिंगवरचा सिरियल नंबरही कधी टिपला नव्हता. दुसऱ्या दिवशी जाहिरात गायब.

बाबांबरोबर डार्करूममध्ये काम केलेल्या काकांना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. “अगं, पिवळी होती ना? मग ती बुरशी नव्हेच!” या लेन्सच्या बऱ्याचशा प्रतींत एका काचेत थोरियम असतं. त्याच्या किरणोत्सर्गाने काच वर्षानुवर्षं हळूहळू पिवळी पडते. लेन्स काही आठवडे खिडकीतल्या उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. मात्र उन्हात ठेवताना मागे काही पेट घेणारं नको, लेन्स भिंगासारखीच जाळते. बुरशी वेगळी दिसते. टॉर्चच्या उजेडात तिरकं पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. पिवळेपणा सगळीकडे सारखा असतो.

ऑटोफोकसचीही थापच. टाकुमारला 42 मिमीचे आटे असतात, आणि फिल्मपासून लेन्सच्या बैठकीपर्यंतचं अंतर 45.46 मिमी. सोनीत ते 18 मिमी. ॲडॅप्टर म्हणजे मधले साधारण 27 मिमी भरून काढणारी धातूची रिकामी नळी, आत ना मोटर ना वायर. फोकस हातानेच करायचा, ॲपर्चर रिंगने. लेन्सशी काही संपर्कच नसल्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं लेन्स लावलेलीच नाही, म्हणून तो शटर सोडत नाही. मेनूत ‘लेन्सशिवाय रिलीज’ चालू केलं की झालं! माझ्या कॅमेऱ्यात ते बंद होतं. दुकानदाराला हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

135ची लेन्स आता त्याच ॲडॅप्टरवर चालते. तिचा नंबर मी आईच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलाय, दोन्ही बाजूंनी फोटोही काढलेत.

बडोदा, अहमदाबाद, सुरतेकडे कुणाच्या हाती 8पाशी लाल ठिपका असलेली 50ची टाकुमार आली, तर कृपा करून मला कळवा. तुम्ही जे मोजलं असेल ते देऊन मी ती परत घेईन.