पेसमेकर असलेल्यांसाठी त्वचा घट्ट करण्याचे उपचार: तालुक्याच्या गावातल्या एका स्किन क्लिनिकबद्दल

अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्याच्या पट्ट्यात, आमच्या तालुक्याच्या गावी, त्वचेचे उपचार करणारे एक नवे क्लिनिक सुरू झाले आहे. गालांची आणि हनुवटीखालची सैल झालेली त्वचा रेडिओफ्रिक्वेन्सी यंत्राने, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विद्युतप्रवाहाने त्वचेला आतून ऊब देऊन, घट्ट करणे ही तेथील सर्वाधिक जाहिरात होणारी सेवा आहे. मुलाच्या लग्नाआधी ती घ्यावी अशी माझ्या थोरल्या वहिनींची इच्छा होती आणि मी त्यांच्यासोबत गेल्यामुळे पुढे लिहिलेले सर्व माझ्या समोर घडले आहे. क्लिनिकचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवेबद्दल मला लिहायचे आहे ती या एकाच ठिकाणी असेल असे मला वाटत नाही.

जागा स्वच्छ आहे, दर भिंतीवर लावलेले आहेत आणि चेहरा धुण्यापासून थंड जेल लावण्यापर्यंतचे काम मुली हळुवार हाताने करतात. प्रश्न आहे तो उपचारापूर्वीच्या चौकशीचा. वहिनींकडून ज्या फॉर्मवर सही घेतली गेली तो संपूर्ण इंग्रजीत होता. हृदयात एखादे उपकरण बसवले आहे का, हा प्रश्न त्यात छापलेला होता. पण तो कोणी वाचून दाखवला नाही आणि त्यापुढचा ‘नाही’चा रकाना काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने इतर सगळ्या रकान्यांबरोबर आपणच भरून टाकला होता. वहिनी निवृत्त शिक्षिका आहेत, मराठीतला फॉर्म त्यांनी शब्दन् शब्द वाचला असता.

त्या खाटेवर कुशीवर वळल्या आणि मुलगी त्यांच्या पाठीवर यंत्राची चिकटपट्टी लावू लागली. पदर नीट करताना डाव्या बाजूच्या हासळीच्या हाडाखालचा, काड्यापेटीएवढा उंचवटा आणि त्यावरचा आडवा व्रण तिला दिसला. ‘‘काकू, ही गाठ कसली?’’ तिने विचारले. ‘‘गाठ नाही माय, पेसमेकर होय तो, नागपूरले बसवला,’’ वहिनी म्हणाल्या. मुलीने हातातली पट्टी तशीच खाली ठेवली आणि डॉक्टरांना बोलावून आणले. या मुलीचे कौतुक मी जाहीरपणे करू इच्छितो, कारण त्या दिवशी खरी चौकशी केली ती तिनेच.

डॉक्टरांनी उपचार तिथेच थांबवला आणि त्याचे कारणही नीट समजावून सांगितले. पेसमेकर हृदयाला केवळ ठोके देत नाही. हृदयाचा स्वतःचा विद्युत संकेत येतो की नाही हे तो सतत टिपत असतो आणि संकेत आला की स्वतः थांबतो. चेहऱ्यावरच्या एकध्रुवीय रेडिओफ्रिक्वेन्सी उपचारात यंत्राच्या टोकातून निघालेला उच्च वारंवारतेचा प्रवाह शरीरातून पाठीवरच्या किंवा मांडीवरच्या पट्टीपर्यंत जातो. म्हणजे गालापासून पाठीकडे जाताना छातीचा भाग, पेसमेकरची डबी आणि हृदयात गेलेल्या तारा या सगळ्या त्याच्या वाटेच्या जवळ येतात. त्या प्रवाहाला पेसमेकरने हृदयाचा संकेत समजले तर तो ठोके देणे थांबवू शकतो, आणि ज्याचे हृदय पूर्णपणे त्या उपकरणावरच अवलंबून आहे त्याला भोवळ येणे किंवा बेशुद्ध पडणे ही त्याची परिणती असू शकते. काही वेळा उपकरण गोंधळून ठरावीक गतीने ठोके देत राहते, तर काही वेळा त्यात डॉक्टरांनी ठरवून दिलेली सेटिंगच बदलते. झटका देणारे डिफिब्रिलेटर बसवलेल्यांचा धोका आणखी वेगळा आहे, कारण ते उपकरण हा प्रवाह जीवघेणा ठोकेबिघाड समजून विनाकारण झटका देऊ शकते.

दोन ध्रुव एकाच टोकात असलेल्या यंत्रांत प्रवाहाची वाट आखूड असते, त्यामुळे धोका कमी होतो. पण रेडिओफ्रिक्वेन्सी यंत्रांचे बहुतेक उत्पादक पेसमेकर आणि डिफिब्रिलेटर असलेल्यांवर ते वापरू नये असेच लिहून देतात. सुयांच्या टोकांतून हाच प्रवाह सोडणारी यंत्रे आणि मंद विद्युतप्रवाह देणारी चेहऱ्याची यंत्रे यांनाही हेच लागू होते. बाजारात आणि ऑनलाइन मिळणारी घरगुती यंत्रेही त्यातच मोडतात. त्यांच्या पत्रकातली बारीक अक्षरे विकत घेण्यापूर्वी वाचली पाहिजेत, पण आमच्या भागात ती यंत्रे जत्रेतल्या मालासारखी हातोहात फिरतात आणि पत्रक डब्यातच राहते.

डॉक्टर आत गेल्यावर काउंटरवरून मात्र लगेच ‘‘मग हायफू करून घ्या, त्यात करंट नसतो’’ असा सल्ला आला. तीव्र ध्वनिलहरी एका ठिकाणी केंद्रित करणाऱ्या या उपचारात शरीरातून विद्युतप्रवाह जात नाही हे खरे आहे. परंतु त्याही यंत्रांच्या सूचनांत पेसमेकरसारखी उपकरणे निषेधांच्या किंवा सावधगिरीच्या यादीत येतात. त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता तो पर्याय पुढे करणे मला गैर वाटते. आगाऊ भरलेली रक्कम परत मागितल्यावर क्रीमचे पॅकेज घ्या असा आग्रह झाला आणि बरीच वादावादी झाल्यावरच पैसे मिळाले. न झालेल्या उपचाराचे पैसे विनाअट परत करणे हे क्लिनिकचे कर्तव्य होते.

ही बाब शहरातल्या मोजक्या लोकांपुरती राहिलेली नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे शेतमजूर कुटुंबांतल्या अनेकांनाही पेसमेकर बसवून घेता येतो. त्या वेळी मिळणारे ओळखपत्र, ज्यावर उपकरणाचा नमुना आणि बसवल्याची तारीख असते, बहुतेक घरी ट्रंकेत कागदांखाली पडून असते. ते पाकिटात ठेवावे आणि त्वचेचा कोणताही विद्युत उपचार करण्यापूर्वी काउंटरवर नव्हे, डॉक्टरांच्या हातात द्यावे. चेहऱ्यासाठी यंत्राचा उपचार हवाच असेल तर आधी ज्या रुग्णालयात पेसमेकरची तपासणी होते तेथे लेखी मत घ्यावे, कारण रुग्ण उपकरणावर किती अवलंबून आहे हे तेथील नोंदींवरूनच कळते.

वहिनींना डॉक्टरांनी रोज सकाळी सनस्क्रीन आणि रात्री रेटिनॉइडची (अ जीवनसत्त्वाच्या गटातल्या औषधाची) मलई लिहून दिली. यंत्राइतकी त्वचा त्याने घट्ट होणार नाही आणि फरक दिसायला काही महिने लागतील, हे त्यांनी न लपवता सांगितले. हा प्रामाणिकपणा मला त्या क्लिनिकची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

म्हणून पेसमेकर नसलेल्यांनी येथे जायला हरकत नाही, मात्र यंत्र लावताना डॉक्टर स्वतः खोलीत असावेत असा आग्रह धरावा. पेसमेकर असलेल्यांनी तेथे डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, रेडिओफ्रिक्वेन्सी घेऊ नये. निघताना मी डॉक्टरांकडे मराठी फॉर्मची मागणी केली आणि उपकरणाचा प्रश्न सर्वांत वर मोठ्या अक्षरांत छापण्याचे त्यांनी मान्य केले. तो फॉर्म काउंटरवर दिसेपर्यंत माझ्याकडून या सेवेला पाचपैकी दोन तारे.