यँकीज की मेट्स: हिवाळा कुणाबरोबर काढायचा?

न्यू जर्सीत एडिसन-इझलिनकडे राहायला आलेली आपली मंडळी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात हा प्रश्न काढतात: न्यूयॉर्कच्या दोन बेसबॉल संघांपैकी ब्राँक्समधले यँकीज धरायचे की क्वीन्समधले मेट्स? तोवर नियम कळलेले असतात, मुलं लिटल लीगला (लहान मुलांच्या बेसबॉलला) जायला लागलेली असतात, ऑफिसातल्या गप्पांत दोन वाक्यं टाकता येतात. टोपी कुठली घ्यायची तेवढंच ठरायचं राहिलेलं असतं. बहुतेक जण स्टेडियम, तिकिटाचे भाव आणि कपाटातल्या ट्रॉफ्या बघून ठरवतात. ट्रॉफ्यांचं म्हणाल तर यँकीजकडे सत्तावीस आहेत, मेट्सकडे दोन. पण यँकीजची शेवटची २००९ची आणि मेट्सची १९८६ची. तुमच्या मुलांच्या दृष्टीनं दोन्ही इतिहासजमा.

मला विचाराल तर एप्रिल ते सप्टेंबर कुठलाही संघ धरा, करमणूक होतेच. चाहत्याचा कस लागतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कोण राहिला, कोण गेला, कुणाला किती वर्षांचा करार दिला, कुणाला साधा फोनसुद्धा केला नाही. त्या चार महिन्यांत संघाचा स्वभाव दिसतो, आणि तुम्हाला जन्मभर जमवून घ्यायचं असतं ते त्या स्वभावाशी.

२०२५-२६चा हिवाळा या तुलनेसाठी अगदी नेमका सापडला. दोन्ही संघ त्या वर्षी खट्टू होऊन घरी बसले होते. मेट्स जूनच्या मध्यावर संपूर्ण लीगमध्ये पहिले होते, आणि ८३-७९वर घसरून शेवटच्या दिवशी प्लेऑफबाहेर पडले. यँकीजनी ९४ सामने जिंकले, बोस्टनला हरवलं आणि पुढच्या फेरीत टोरांटोकडून मार खाल्ला. दुखणं साधारण सारखंच होतं. औषध मात्र दोघांनी अगदी उलटं घेतलं.

मेट्सच्या संघबांधणीचे प्रमुख डेव्हिड स्टर्न्स यांनी घर पार रिकामं केलं. नोव्हेंबरात ब्रँडन निमो टेक्सासला गेला, बदल्यात मार्कस सिमियन आला. डिसेंबरात क्लोजर (शेवटच्या इनिंगचा गोलंदाज) एडविन डियाझ तीन वर्षं, ६.९ कोटी डॉलरवर डॉजर्सकडे गेला. पाठोपाठ पीट अलोन्सो पाच वर्षं, १५.५ कोटींवर बॉल्टिमोरला. मग जेफ मॅकनीललाही ट्रेड केलं. म्हणजे सर्वांत जुने चेहरे एका दमात साफ. जागा भरायला बो बिशेट आला, तीन वर्षं, १२.६ कोटी. मिलवॉकीहून फ्रेडी पेराल्टा आला, शिकागोहून लुईस रॉबर्ट, आणि ब्राँक्समधून, म्हणजे थेट यँकीजच्या बुलपेनमधून (राखीव गोलंदाजांच्या ताफ्यातून), डेव्हिन विल्यम्स आणि ल्यूक वीव्हर.

यँकीजनी जवळपास काहीच केलं नाही. ट्रेंट ग्रिशमनं सुमारे २.२ कोटींची एका वर्षाची क्वालिफाइंग ऑफर (करार संपलेल्या खेळाडूला जुन्या संघानं देऊ केलेला ठरावीक रकमेचा करार) घेतली. कोडी बेलिंजरची वाट बघत जानेवारी उजाडला आणि तो पाच वर्षं, १६.२५ कोटींवर परत आला. बाकी संघ होता तसाच. ब्रायन कॅशमन १९९८पासून जनरल मॅनेजर, एरन बून २०१८पासून मॅनेजर (म्हणजे मैदानावरचा प्रशिक्षक). ‘तोच संघ, तोच निकाल’ अशी बोंब तेव्हा झाली आणि ती अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही.

नुसतं कागदावर बघितलं तर त्या हिवाळ्याचे गुण मेट्सनाच जातात. मालक स्टीव्ह कोहेन २०२०च्या अखेरीस आले आणि पैशाचा प्रश्न संपला. लक्झरी टॅक्सच्या (पगारावर ठरावीक मर्यादेपलीकडे खर्च केल्यास संघाला भराव्या लागणाऱ्या कराच्या) सर्वांत वरच्या पायरीला लोक ‘कोहेन टॅक्स’ म्हणतात ते उगाच नाही. डिसेंबर २०२४मध्ये, त्या मोसमात यँकीजकडून खेळलेल्या वान सोटोला त्यांनी १५ वर्षांचे ७६.५ कोटी दिले, त्यातला एक डॉलरही पुढे ढकललेला नाही. यँकीजची ऑफर १६ वर्षं, ७६ कोटींची होती असं तेव्हा छापून आलं होतं. सोटोच्या कुटुंबासाठी स्टेडियममधला स्वीट मेट्सनी फुकट देऊ केला आणि यँकीजनी नाही, हीही बातमी होती. एवढ्या मोठ्या सौद्यात एका खोलीवरून ताणून धरणं मला आजही पटत नाही. सोटोनं पहिल्याच वर्षी ४३ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे) मारले, वर ३८ बेस चोरले. तो हातचा गेल्याचं दुःख ब्राँक्समध्ये अजून ताजं आहे. त्याच्या जागी यँकीजनी मॅक्स फ्रीडला आठ वर्षांचे २१.८ कोटी दिले आणि त्यानं १९ सामने जिंकून दिले, हे मात्र लोक पटकन विसरतात.

मेट्सची आणखी एक बाजू आहे आणि ती आकड्यांत येत नाही. आपल्या माणसाला क्वीन्स लवकर आपलंसं वाटतं. ७ नंबरची ट्रेन जॅक्सन हाइट्सवरून जाते. मेट्सचं स्टेडियम सिटी फील्ड, त्याच्या पुढचंच स्टेशन फ्लशिंग. तिथल्या बाउन स्ट्रीटवरच्या गणपतीच्या देवळात आधी दर्शन, मग तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा, आणि मग एक स्टेशन मागे येऊन मॅच, असा रविवार मी घरच्यांबरोबर घालवलेला आहे. ब्राँक्समध्ये असलं काही नाही. जर्सीहून जायला दोन्हीकडे सारखाच कंटाळा, ट्रेन बदलावीच लागते.

मग अडलं कुठं? अडलं अलोन्सोपाशी. निर्णयापेक्षाही तो ज्या रीतीनं घेतला गेला, तिथं.

हा मुलगा मेट्सनीच २०१६च्या ड्राफ्टमध्ये (नवोदितांच्या वार्षिक निवडीत) निवडलेला. २०१९ला पहिल्याच मोसमात ५३ होम रन, नवख्या खेळाडूचा विक्रम. ऑक्टोबर २०२४मध्ये मिलवॉकीत नवव्या इनिंगला मेट्स मागे होते, मोसम संपत आला होता, समोर डेव्हिन विल्यम्स. अलोन्सोनं चेंडू उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे घातला, तीन रन, आणि मेट्स पुढच्या फेरीत. आमच्या दिवाणखान्यात त्या रात्री जो आरडाओरडा झाला, तेवढा मी वर्ल्ड कपच्या फायनललाही केलेला नाही. लेकीनं वीस नंबरची जर्सी मागून घेतली ती त्याच आठवड्यात.

त्यानंतरचा अख्खा हिवाळा त्याला लटकवून ठेवलं. जानेवारी २०२५मध्ये सिटी फील्डवर चाहत्यांचा कार्यक्रम होता. समोर लोक ‘वुई वाँट पीट’ ओरडत होते, आणि मंचावरून कोहेन सांगत होते की ही बोलणी थकवणारी आहेत, सोटोच्या वेळेपेक्षाही वाईट. मालकाला पैसे राखायचा अधिकार आहे, मान्य. पण घरचा पोरगा अजून सही करायचा आहे आणि तुम्ही त्याची घासाघीस भर सभेत सांगता? शेवटी फेब्रुवारीत दोन वर्षं, ५.४ कोटी, पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायची मुभा. तो सगळेच्या सगळे १६२ सामने खेळला, ३८ होम रन मारले, ऑगस्टमध्ये डॅरिल स्ट्रॉबेरीचा २५२चा क्लब-विक्रम मोडला. मग ठरल्याप्रमाणे करारातून बाहेर पडला आणि परत बाजारात उभा राहिला. त्या दुसऱ्या हिवाळ्यात मेट्सनी त्याच्यापुढे रीतसर ऑफरही ठेवली नाही, असं बातम्यांत आलं. लेक रोज संध्याकाळी विचारायची, ‘पीटचं झालं का?’ दोन हिवाळे हा एकच प्रश्न आमच्या घरात होता, आणि दुसऱ्यांदा मला उत्तर देववेना.

हिशेब चुकीचा होता असं माझं म्हणणं नाही. अलोन्सो एकतिसाचा झालाय, फर्स्ट बेसवर त्याचे हात फारसे भरवशाचे नाहीत, आणि पाच वर्षांच्या कराराची शेवटची दोन वर्षं बहुधा जड जातील. स्टर्न्सना बचाव सुधारायचा होता, तेही समजतं. निमोच्या कराराची पाच वर्षं शिल्लक होती, तो तिशी ओलांडलेला. पण हा निमो २०११च्या ड्राफ्टमध्ये मेट्सनी पहिल्या फेरीत निवडलेला, बेसबॉलचा संघच नसलेल्या वायोमिंगमधल्या शाळेतून आलेला. वॉक मिळाला (चार वाईट चेंडूंवर बेस फुकट मिळाला) की इतर लोक रमतगमत फर्स्ट बेसवर जातात. हा बॅट बाजूला ठेवून, हसत, पळत सुटायचा. त्याच्याकडे नो-ट्रेडचा हक्क (संमतीशिवाय दुसऱ्या संघाकडे न पाठवण्याचा) होता, तो त्यानं स्वतः सोडला. इतक्या वर्षांनी माणूस असा हक्क का सोडतो, याचा विचार चाहत्यानं करायचा असतो. आणि ज्या विल्यम्सला अलोन्सोनं तो होम रन मारला, तोच आता मेट्सच्या बुलपेनमध्ये आहे. खेळात असं होतं. तरी गिळायला जड जातं.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. डिसेंबर २०२३मध्ये रोहितचं कप्तानपद काढून हार्दिकला दिलं, तेव्हा मुंबई इंडियन्सनी भविष्याचा विचार केला असेलही. पण घराघरात जी चिडचिड झाली ती निर्णयापेक्षा रीतीबद्दल होती.

आता यँकीजकडे बघा. एप्रिल २०२२मध्ये त्यांनीही नेमकं हेच केलं होतं. कॅशमननी मोसमाच्या पहिल्याच दिवशी जाहीर सांगितलं की एरन जजला सात वर्षं, २१.३५ कोटी देऊ केले होते आणि त्यानं नाकारले. जजला ते आवडलं नाही, आणि का आवडावं? त्यानं त्या वर्षी ६२ होम रन मारून रॉजर मॅरिसचा १९६१पासूनचा अमेरिकन लीगचा विक्रम मोडला आणि बाजारात गेला. सॅन फ्रान्सिस्को त्याच्या माहेरची टीम, त्यांनी पैसे घेऊन दार उघडं ठेवलेलं. यँकीजचे मालक हॅल स्टाइनब्रेनर सुट्टीवर होते. त्यांनी थेट जजशी फोनवर बोलून नववं वर्ष वाढवलं, असं तेव्हा आलं होतं. नऊ वर्षं, ३६ कोटी, आणि त्याच महिन्यात कप्तानपद. चूक दोघांची एकच होती. एकानं फोन उचलून ती निस्तरली. माझं पारडं झुकलं ते तिथं.

यँकीज नेहमी असेच वागतात असा तुमचा समज होऊ नये म्हणून २०१३ सांगतो. घरच्या रॉबिन्सन कानोला त्यांनी दहा वर्षं, २४ कोटींवर सिअ‍ॅटलला जाऊ दिलं आणि बोस्टनच्या जेकबी एल्सबरीला सात वर्षांचे १५.३ कोटी दिले. एल्सबरी २०१७नंतर मैदानात उतरलाच नाही. म्हणजे पैसा तर गेलाच, घरचा माणूसही गेला. आजही हॅल पगाराच्या एकूण आकड्याबद्दल बोलू लागले की जुने चाहते चिडतात, आणि त्यांच्या वडिलांच्या काळाशी तुलना सुरू होते. यँकीजचा हिवाळा संथ असतो, कधी कधी कोमट वाटेल इतका. बातम्या कमी, जानेवारीपर्यंत एकाच नावाची वाट. ज्याला रोज काहीतरी घडायला हवं त्याचा इथं जीव रमणार नाही.

तसा तुमचा स्वभाव असेल तर बिनधास्त मेट्स घ्या. स्टर्न्सचं गणित जमलं आणि पेराल्टा-बिशेट चालले तर ऑक्टोबरात क्वीन्समध्ये जल्लोष असेल आणि माझं हे सगळं म्हणणं रडगाणं वाटेल. डोकं थंड ठेवून संघाकडे बघणारे, ट्रेडची गणितं मांडायला आवडणारे, नवा खेळाडू आला की त्याचे जुने व्हिडिओ शोधणारे मित्र मला माहीत आहेत. ते मेट्सच्या त्या हिवाळ्यावर बेहद्द खूश होते. पण घरात लहान मूल असेल आणि त्यानं एका खेळाडूवर जीव लावला असेल, तर मला वाटतं ब्राँक्सला जाणारी ट्रेन धरावी. निदान मी तरी ती धरली.

एक व्यवहाराची गोष्ट. खेळाडू-संघटनेचा सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ला संपतोय. मागचा संपला तेव्हा मालकांनी लॉकआउट केला होता आणि सगळे सौदे डिसेंबरपासून मार्चपर्यंत ठप्प होते. तसं पुन्हा झालं तर महिनोन् महिने एकही सही होणार नाही, आणि जॅझ चिझमसारख्या, २०२६नंतर मोकळ्या होणाऱ्या खेळाडूंचं काय ते कुणालाच सांगता येणार नाही. त्यामुळे जर्सी घेताना करार बघून घ्या. जजचा ९९ नंबर २०३१पर्यंत पक्का. मेट्स ठरवलंत तर लिंडॉरचा १२ घ्या, त्याचाही करार २०३१पर्यंत आहे. सोटोचा २०३९पर्यंत आहे खरा, पण २०२९नंतर त्याला बाहेर पडता येतं. पगार वाढवून मेट्स ते रोखू शकतात. ते रोखतील की नाही, तो प्रश्न त्या हिवाळ्यावर सोडा आणि तोवर मुलाला लिंडॉरच घेऊन द्या.