खिशात मावणारा लांब झूमचा कॅमेरा: पाच मॉडेलांची पारख

काउंटरवर कॅमेरा मागितला की सगळ्यात आधी कानावर पडतं ते '३०एक्स' नाहीतर '४०एक्स'. या आकड्यावर खरेदी ठरवू नका. तो फक्त गुणोत्तर आहे, लेन्सचं लांब टोक भागिले रुंद टोक. २४ मिमीपासून सुरू होणारा ३०एक्स ७२० मिमीपर्यंत पोहोचतो, तोच २८ मिमीपासून सुरू झाला तर ८४० मिमीपर्यंत. विचारायचं ते असं: लांब टोक किती मिमीचं, आणि त्या टोकाला एफ-आकडा किती? (एफ-आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; तो जितका लहान तितका प्रकाश जास्त.) या दोन उत्तरांत निम्मी निवड होऊन जाते. उरलेली निम्मी सेन्सरच्या, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, आकारावर.

(इथले सगळे मिमी फुल-फ्रेमच्या, म्हणजे ३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरच्या, हिशेबातले आहेत. खोक्यावरही बहुधा तेच छापलेले असतात.)

मिमी म्हणजे प्रत्यक्षात काय, ते ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीत चटकन कळतं. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट निघते आणि रोहित पक्ष्यांचा थवा समजा १०० मीटरवर चिखलात चरतोय. त्या अंतरावर १२० मिमीच्या फ्रेममध्ये ३० मीटर रुंदीचा पट्टा येतो, २०० मिमीत १८ मीटर, ३६० मिमीत १०, ७२० मिमीत ५ आणि ९६० मिमीत पावणेचार. लहान रोहित उभा असताना ८०-९० सेंटिमीटर भरतो. म्हणजे ७२० मिमीला एक पक्षी फ्रेमच्या उंचीचा साधारण चौथा हिस्सा व्यापतो, तर १२० मिमीला त्याचा गुलाबी ठिपका होतो. चांगल्या फोनची खरी टेलिफोटो लेन्स बहुतेक वेळा याच १२० मिमीच्या आसपास थांबते. त्यापुढे फोन जे दाखवतो ती बरीचशी गणिताची करामत असते.

त्याची दुसरी बाजूही ऐकून ठेवा. २४ ते १२० मिमीच्या पट्ट्यात, खास करून तिन्हीसांजेला ठाण्याच्या तलावपाळीवर, महागडा फोन छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला सरळ हरवतो. फोन दहा-पंधरा फ्रेम जोडून एक फोटो बनवतो, कॅमेरा बिचारा एकाच फ्रेमवर भागवतो. जेवणाचे, घरच्यांचे, रस्त्यावरचे फोटो एवढीच गरज असेल तर हे पैसे खर्चू नका. कॅमेरा घ्यायचा तो लांबच्या टोकासाठी. ताडोबासारख्या ठिकाणी सफारीत मोबाइल नेताच येत नाही, तिथे तर प्रश्नच मिटतो.

आता प्रकाश, कारण गाडी अडते ती इथेच. या वर्गात दोन सेन्सर चालतात. '१/२.३ इंच' म्हणतात तो ६.१७ बाय ४.५५ मिमीचा, आणि 'एक इंच' म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिमीचा. (एक इंचवाल्यात कुठलीच बाजू एक इंच नसते. जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापांची ही पिढीजात थाप आहे.) क्षेत्रफळात फरक चौपट, म्हणजे दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). ७२० मिमीला एफ ६.४ असलेल्या छोट्या सेन्सरवर कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला सुमारे १/६४० सेकंदाचा शटर मिळतो, आणि तिथे छोटा सेन्सर झकास चालतो. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात प्रकाश दोन-तीन स्टॉप उतरलेला असतो. बोट हलतेय, पक्षी मान हलवतोय, म्हणून १/१००० तरी हवा. मग आयएसओ थेट ८०० ते १६०० वर जातो. छोट्या सेन्सरवर ८०० च्या पुढे पिसांचा पोत विरघळायला लागतो आणि जेपेगमध्ये नॉइज (दाणेदार ठिपके) पुसण्याच्या नादात कॅमेरा पंखांना मेणचट करून टाकतो.

आणखी एक गोष्ट पत्रकात कुणी छापत नाही. एफ ६.४ ला विवर्तनामुळे (छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रकाशाच्या एका बिंदूचा ठिपका साधारण ८.६ मायक्रॉनचा पडतो. २० मेगापिक्सेलच्या १/२.३ इंच सेन्सरवर एक पिक्सेल असतो सुमारे १.२ मायक्रॉनचा. एकाच ठिपक्याखाली सात पिक्सेल आडवे मावतात. म्हणून पूर्ण झूमवर १६ मेगापिक्सेल आणि २० मेगापिक्सेल यांत फरक शोधत बसू नका, तो दिसणार नाही.

अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर ही दोन्ही टोकांची परीक्षा आहे. बाहेरच्या भिंतींवरची वरच्या थरातली शिल्पं झूमशिवाय नीट दिसत नाहीत, पण दुपारच्या उन्हात तिथे छोटा सेन्सर पुरतो. आत अंधाऱ्या काळ्या दगडात मात्र २४ मिमीला एफ २.८ आणि एक इंच सेन्सर असेल तर आयएसओ १६०० वर जे मिळतं, तेवढंच स्वच्छ चित्र छोट्या सेन्सरवर एफ ३.३ ला मिळवायला शटर अडीच स्टॉप लांबवावा लागतो. १/३० चा साधारण १/५ होतो. दगड हलत नाही म्हणून स्टॅबिलायझर सांभाळून घेतो. आरती करणारा माणूस फ्रेममध्ये आला की सांभाळत नाही.

आता मॉडेलं.

कॅनन एसएक्स७४० एचएस (२०१८) सर्वांत लांब जातो: २४-९६० मिमी, एफ ३.३-६.९, वजन २९९ ग्रॅम. झूम फ्रेमिंग असिस्टचं बटण आहे. ते दाबून धरलं की झूम क्षणभर मागे येतो, हरवलेला पक्षी सापडतो, सोडलं की परत जिथल्या तिथे. ९६० मिमीवर हे बटण नसेल तर माणूस नुसतं आभाळ शोधत बसतो. उणिवाही मोठ्या आहेत. रॉ (सेन्सरची कच्ची) फाइल नाही, टचस्क्रीन नाही, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. चंद्र, लांबचे कडे, उन्हातले पक्षी यांसाठी ठीक. फोटो नंतर संगणकावर सुधारायची सवय असणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

सोनी एचएक्स९९ (२०१८) २४२ ग्रॅमचा, शर्टाच्या खिशात जातो. २४-७२० मिमी, एफ ३.५-६.४, रॉ आहे, आणि वर उघडणारा व्ह्यूफाइंडर आहे. तो बारीक आहे, ६.३८ लाख ठिपक्यांचा, चष्मेवाल्यांना कोपरे दिसत नाहीत. तरीही नसण्यापेक्षा शंभर पटींनी बरा. खाडीच्या पाण्यावरून उन्हाची तिरीप आली की मागचा पडदा आरसा होतो, आणि ७२० मिमीला पडदा बघायला हात लांब करून धरलेला कॅमेरा स्थिर राहत नाही. डोळ्याला टेकवला की कपाळाचा तिसरा आधार मिळतो.

म्हणूनच पॅनासॉनिक टीझेड९९ (२०२५) बघून थोडा वैताग येतो. लेन्स तीच २४-७२० मिमीची, चार्जिंगला यूएसबी-सी आलं, पण आधीच्या टीझेड९५ मध्ये २३.३ लाख ठिपक्यांचा जो छान व्ह्यूफाइंडर होता तो काढून टाकला. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून अशा उपकरणांना यूएसबी-सी सक्तीचं झालं, त्या निमित्ताने झालेली ही डागडुजी दिसते. नवा, वॉरंटीचा टीझेड९५ कुठे पडून असेल तर तोच उचलावा. अमेरिकेहून कुणी आणणार असेल तर तिथे हेच कॅमेरे झेडएस९९ आणि झेडएस८० या नावांनी मिळतात.

सोनी आरएक्स१०० मार्क ७ (२०१९) एक इंच सेन्सरचा, २४-२०० मिमी, एफ २.८-४.५, ३०२ ग्रॅम. फोकसच्या बाबतीत बाकीचे चौघे याच्या जवळपासही नाहीत. उडता पक्षी भरवशाने पकडणारा हा एकटाच, आणि नेमकं याचंच टोक २०० मिमीला संपतं. ७२० मिमीची फ्रेम यातून कापून काढली तर २० मेगापिक्सेलमधले जेमतेम दीड उरतात. माणसं, गल्ल्या, सण, मंदिरांचे अंतर्भाग, व्हिडिओ यांसाठी उत्तम, पक्ष्यांसाठी नाही. बॅटरी बारीक आहे, कंपनीचा आकडाच पडद्यावर २६० फोटोंचा.

आणि पॅनासॉनिक टीझेड२०० (२०१८). एक इंच सेन्सर, २४-३६० मिमी, एफ ३.३-६.४, ३४० ग्रॅम, चांगला व्ह्यूफाइंडर. ३६० मिमीचा फोटो मधोमध कापून ७२० ची फ्रेम काढली तरी ५ मेगापिक्सेल उरतात, ए४ प्रिंटला पुरेसे. पडदा वळत नाही, कॅमेरा खिशात जड लागतो, पण दिवसा पक्षी आणि संध्याकाळी देऊळ असं एकाच सहलीत हवं असेल तर या पाचांत कौल यालाच. निव्वळ दिवसाउजेडी पक्षी आणि हलकं ओझं हवं असेल तर एचएक्स९९.

निकॉन पी९५० बद्दल हमखास विचारतात: २४-२००० मिमी, पण वजन एक किलो. तो वेगळा प्रकार आहे, खिशातला नव्हे.

दुकानात काय तपासायचं? ठाण्याचा गोखले रोड असो, वाशीचं सेक्टर १७ असो नाहीतर फोर्टातला बोरा बाजार, स्वतःचं कार्ड घेऊन जा. दाराशी उभं राहून समोरच्या दुकानाच्या पाटीवर पूर्ण झूम करा, शटर-प्रायॉरिटीत (शटरचा वेग आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा) १/१२५ ठेवून हातात धरून पाच फोटो काढा. तीन तरी स्पष्ट आले पाहिजेत. मग एखादं बंद शटर किंवा विटांची भिंत २४ मिमीला आणि पूर्ण झूमवर समोरासमोर टिपा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही थोडे मऊ असतील तर चालेल, ती लेन्सची मर्यादा. एकच कोपरा धुरकट असेल तर लेन्सचा एखादा घटक तिरका बसलाय. दुसरा नग मागा. मेनूत इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर तो बंद करूनच दुकानातले फोटो काढा, नाहीतर एलईडी दिव्यांचे आडवे पट्टे येतात आणि उगाच कॅमेऱ्याला दोष दिला जातो. याच शटरने चालत्या लोकलमधून फोटो काढला तर खांब तिरके येतात.

'बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा' असं ऐकू आलं की सावध. कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के आहे, बिलाशिवाय जी सूट वाटते ती म्हणजे हा करच असतो, आणि पक्क्या बिलाशिवाय वॉरंटीसाठी दारात उभं राहता येत नाही. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, खोक्यावरच्या नंबराशी जुळवा. कार्ड व्ही३० दर्जाचं (लिहिण्याच्या वेगाची ही खूण कार्डावर छापलेली असते), ६४ जीबी पुरतं. ४के व्हिडिओ मिनिटाला पाऊण जीबी खातो. एक जादा बॅटरी घ्या. विमानात ती हातातल्या सामानातच ठेवावी लागते.

खाडीवर सेटिंग असं: शटर-प्रायॉरिटी, १/१०००, थवा उडायच्या बेतात असेल तर १/१६००. ऑटो आयएसओ, वरची मर्यादा छोट्या सेन्सरला १६००, एक इंचाला ३२००. फोकस एकाच मधल्या चौकटीवर. पूर्ण क्षेत्रावर ठेवला तर कॅमेरा मागच्या तिवराला जाऊन चिकटतो. काळ्या चिखलापुढे फिका पक्षी जळतो, म्हणून एक्स्पोजर उणे २/३. बोटीच्या कठड्यावर कोपर टेकवू नका, इंजिनाची थरथर सरळ लेन्समध्ये उतरते. कोपरं बरगड्यांना लावा. ऐरोली खाडीच्या पूर्वेला आहे, पश्चिमेकडे बघताना सकाळी ऊन पाठीशी असतं. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, ती आपल्या हातात नाही, पण निवडता आली तर सकाळचीच घ्या. दहानंतर तापलेल्या चिखलावरची हवा लवलवायला लागते आणि त्याला कुठल्याच किमतीच्या लेन्सवर उपाय नाही.

पावसाळ्यात ठाण्याची हवा लेन्सची वैरी. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलच्या दाण्यांचा रंग पालटला की कढईत मंद आचेवर परतून घ्या. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला ऐकू नका, त्याची पूड झूमच्या फटीत शिरते. एसी लोकलमधून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर बाष्प बसतं. पंधरा-वीस मिनिटं झिपच्या पिशवीत राहू द्या आणि तोवर झूम चालवू नका. नळ्या बाहेर येताना हवा आत ओढतात, दमट हवाही आणि धूळही.

सेकंडहँड घेताना हेच आधी तपासा. पूर्ण झूम, एफ ८, मोकळं आभाळ किंवा पांढरी भिंत. फोटोत राखाडी गोल डाग दिसले तर धूळ सेन्सरवर बसली आहे. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे सफाईसाठी सगळा कॅमेरा उघडावा लागतो. भाव पाडत बसू नका, दुसरा नग बघा.